बेवारस कॅमशाफ्टची ओळखपरेड

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज ट्रकांनी भंगार येतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. 'जालना, सोने का पालना' असं म्हणायचे ते इथल्या व्यापारामुळे. आता या गावाची ओळख इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिलची. या भंगारात जुन्या इंजिनांचे भाग असतातच, आणि त्यांत हमखास एक वस्तू सापडते. हात-दीड हात लांबीचा दांडा, अंगावर जागोजागी अंडाकृती उंचवटे, एका टोकाला चावीची खाच किंवा दातेरी चाक. हा कॅमशाफ्ट. वजनावर घेतला तर त्याची किंमत फारशी नाही. पण ज्याचं जुनं इंजिन नेमक्या याच दांड्यासाठी अडून पडलं आहे, त्याला तो नव्याच्या भावातही घ्यावासा वाटतो.

असे अडलेले लोक जिल्ह्यात कमी नाहीत. भोकरदन-जाफराबादपासून खाली घनसावंगी-मंठ्यापर्यंत विहिरींवर एके काळी डिझेलची ऑइल इंजिनं चालत. साताऱ्याच्या कूपरची, पुण्यात १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची, आणि राजकोटच्या कितीतरी कारखान्यांतून निघालेली, इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवरची संथ चालीची. वीज आली, मोटारी बसल्या, इंजिनं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. विजेचं वेळापत्रक बिघडलं की ती पुन्हा आठवतात. ट्रॅक्टरांचंही तसंच. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण त्या ट्रॅक्टरांना तो निर्णय कोणी कळवलेला नाही. ते अजून नांगरतात. मग जुन्या पार्टच्या दुकानात एकसारखे दिसणारे तीन कॅमशाफ्ट समोर येतात, एकावरही नाव नसतं आणि दुकानदार म्हणतो, "हाच बसंल, घेऊन जा."

बसेलही, आणि घोटाळा तिथेच आहे. चुकीचा कॅमशाफ्ट पुष्कळदा इंजिनात बसतो आणि इंजिन सुरूही होतं. मग ते काळा धूर ओकतं, ओढ धरत नाही, तापतं; आणि वाईट जुळणी असेल तर उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो. तेव्हा बसतो का, एवढ्यावर भागत नाही. हा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह कधी उघडतो, किती उघडतो आणि कधी मिटतो, हे कळायला हवं. बरी गोष्ट ही की हे सगळं त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं. कागदपत्र नसलं तरी मापता येतं.

आधी नाव-नंबराच्या मोहाबद्दल. दांड्यावर बऱ्याचदा उठावाचे आकडे दिसतात. ते ओतकामाच्या साच्यातून आलेले असतात आणि कच्चा दांडा कोणत्या साच्यातला, एवढंच सांगतात. एकाच साच्यातून निघालेल्या दांड्यांवर लोबचे, म्हणजे त्या अंडाकृती उंचवट्यांचे, वेगवेगळे आकार घासता येतात. घासल्यानंतरची खूण असलीच तर शाफ्टच्या टोकावर ठोकलेली असते, आणि जुन्या मालावर ती बहुधा गंजात गेलेली असते. ट्रॅक्टरच्या बॉनेटचा रंग तर त्याहून कच्चा पुरावा. मोहालीची स्वराज इंजिन्स ही कंपनी १९८५ मध्ये किर्लोस्करांच्या सहभागाने उभी राहिली. मॅसी फर्ग्युसनच्या १०३५ मॉडेलमध्ये चेन्नईच्या सिम्प्सनचं इंजिन असतं. बाहेर एक नाव, आत दुसरं. म्हणून मी नंबर शेवटी बघतो, तोही मापांशी ताडून पाहण्यापुरता.

पहिली चाचणी भंगारवाला आपल्या आधीच करतो. त्याच्याकडे बीड (ओतीव लोखंड) वेगळं आणि लोखंड वेगळं पडतं, कारण दोन्हींचे भाव आणि गिऱ्हाईकं वेगळी. सळईच्या पोलादात कार्बन अगदी थोडा चालतो; भारतीय मानक १७८६ नुसार फे-५०० दर्जाला जास्तीत जास्त ०.३० टक्के. बिडात तो ३ टक्क्यांच्या आसपास आणि वरही असतो, आणि इंडक्शन भट्टीत कार्बन जाळून काढायची फारशी सोय नसते. म्हणून बिडाचा माल जालन्याचा भट्टीवाला जपूनच घेतो. त्याचं खरं ठिकाण म्हणजे कोल्हापूरच्या फाउंड्र्या. ग्राइंडरवर दांड्याचं न घासलेलं अंग जरा टेकवलं की कळतं: पोलादाच्या ठिणग्या लांब आणि उजळ जातात, बिडाच्या आखूड आणि लालसर. साच्याची रेघही बोलते. ओतीव दांड्यावर ती सुतासारखी बारीक असते, ठोकून घडवलेल्या पोलादी दांड्यावर रुंद पट्ट्यासारखी. एवढ्यावरून अर्धी नावं गळतात, कारण एखाद्या इंजिनाचा मूळ कॅमशाफ्ट घडीव असेल तर समोरचा ओतीव दांडा निदान मूळ नाही, हे ठरतं.

ओतीव कॅमशाफ्ट म्हटला की सोलापूरचं नाव घ्यायला हवं. चादरींच्या या गावात १९९२ साली यतीन शहा यांनी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू केली आणि तिथून जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा कंपन्यांच्या गाड्यांसाठी कॅमशाफ्ट जाऊ लागले. २०१६ पासून तिचे शेअर बाजारात आहेत. या धंद्यातली मूळ करामत अशी: साच्यात लोबच्या जागी थंड धातूचे तुकडे बसवतात. वितळलेलं बीड त्यांना भिडलं की तिथला थर झटकन गोठतो, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळच मिळत नाही आणि तो लोहाशी बांधला जाऊन अतिशय कठीण कार्बाइड होतो. आतला गाभा सावकाश निवतो, म्हणून मऊ राहतो आणि लेथवर नीट चालतो. चांगल्या लोबवर कानस घासली तर ती सटकते, चावा घेत नाही. जुन्या लोबवर कानस चावली, तर कठीण थर संपलेला आहे. मग पुढचं मोजमाप फक्त माहितीसाठी. तो दांडा वापरण्याजोगा राहिलेला नाही.

आता उंचवटे मोजा. एका सिलिंडरच्या साध्या इंजिनाला एक इनलेट आणि एक एक्झॉस्ट असे दोन लोब पुरतात. पण विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनांत बहुधा तिसरा लोब असतो आणि तो डिझेल पंप ढकलतो. हा तिसरा लोब अंगकाठीने वेगळा, चढ उभा. तो दिसला की दांडा एक सिलिंडरच्या डिझेलचा, एवढं नक्की. दांड्याच्या मधोमध तिरक्या दातांचं छोटं चाक कोरलेलं असेल तर ते बहुधा ऑइल पंपासाठी. जुन्या पेट्रोल इंजिनात तेच चाक डिस्ट्रिब्युटरही फिरवायचं. एखादी गोल पण बाजूला सरकलेली चकती दिसली तर ती डिझेल किंवा पेट्रोल टाकीतून ओढणाऱ्या छोट्या पंपाची. ती लोब समजून मोजणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, आणि मग सात व्हॉल्व्हचं इंजिन शोधत फिरतात.

सिलिंडर किती, हे नुसत्या संख्येवर न ठरवता लोबच्या दिशांवरून ताडून बघावं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. त्यामुळे सगळे सिलिंडर कॅमशाफ्टच्या एका फेऱ्यात आपापली पाळी उरकतात. चार सिलिंडर असतील तर एकामागून एक पेटणाऱ्या सिलिंडरांच्या इनलेट लोबमध्ये ९० अंशांचं अंतर, तीन असतील तर १२०, सहा असतील तर ६०. कोणता लोब कोणत्यानंतर वर येतो हे खडूने लिहीत गेलं की पेटण्याचा क्रम मिळतो. चार सिलिंडरना बहुधा १-३-४-२. दोन सिलिंडरांची गंमत वेगळी. तिथे इनलेट लोब समोरासमोर, १८० अंशांवर असले तर दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होणारा क्रँक. ९० अंशांवर असले तर एक पिस्टन वर असताना दुसरा खाली. क्रँक न बघता क्रँकचा आकार सांगता येतो.

इथे फिरण्याची दिशा आडवी येते. तीन सिलिंडरचा १-२-३ क्रम उलटा फिरवला की १-३-२ होतो. त्याहून महत्त्वाचं, इनलेट कुठला आणि एक्झॉस्ट कुठला हे दिशेशिवाय ठरतच नाही. एकाच सिलिंडरच्या दोन लोबची टोकं कॅमशाफ्टवर साधारण १०० ते ११५ अंशांवर असतात. जळालेला वायू आधी जातो, मग नवी हवा येते. म्हणजे फिरताना जो आधी येतो तो एक्झॉस्ट. क्रँकचा गिअर थेट कॅमशाफ्टच्या गिअरला लागला असेल तर कॅमशाफ्ट उलटा फिरतो. मध्ये आयडलर गिअर असला, किंवा चेन वा पट्टा असला, तर क्रँकच्याच दिशेने. म्हणून दांड्याचं टोक नीट बघायचं: गिअर बसायची जागा आहे की चेनचं चाक, चावीची खाच आहे की डॉवेलचं भोक. दुकानदाराने गिअर आधीच काढून वेगळा विकला असेल तर ते विचारून घ्यावं.

मग जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग. ते किती, त्यांचा व्यास किती, एकमेकांपासून अंतर किती, हे मायक्रोमीटर आणि व्हर्निअरने घ्यायचं. ब्लॉकच्या पोटात राहणारा कॅमशाफ्ट एका टोकाने आत सरकवतात, त्यामुळे त्याचे जर्नल लोबपेक्षा मोठे असतात; काही इंजिनांत मागे मागे लहानही होत जातात. हेडवर बसणाऱ्या कॅमशाफ्टला वरून टोपण असतं, तिथे जर्नल लोबपेक्षा बारीक असले तरी चालतात. इथवर फक्त बसेल की नाही हे ठरलं.

खरी ओळख पुढे आहे, आणि तिला डायल गेज लागतं. दांडा दोन व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, टोकाला ३६० अंशांची चकती लावायची, लोबवर डायल टेकवायचा आणि हळूहळू फिरवायचं. लोबची पाठ गोल असते; तिला बेस सर्कल म्हणतात, तिथे सुई हलत नाही. मग चढ, मग टोक, मग उतार. पाठीपासून टोकापर्यंत सुई जितकी चढली तितकी लोबची उचल. नुसत्या व्हर्निअरनेही ती निघते: टोकापासून पाठीपर्यंतच्या मापातून आडवं माप वजा करायचं. मात्र लोबचा चढ-उतार दांड्याच्या अर्ध्या घेरापेक्षा मोठा असेल तर आडव्या मापात चढच सापडतो आणि उचल कमी दिसते. शेतीच्या इंजिनात तो धोका नाही, शर्यतीच्या इंजिनात आहे.

लोबची उचल गुणिले रॉकरचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचं, प्रमाण म्हणजे व्हॉल्व्हची उचल. हा आकडा बरोबर आहे का, हे तपासायला एक जुना नियम आहे. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला की भोवतालची फट आणि भोकाचं क्षेत्रफळ सारखं होतं. त्यापुढे उचलून फायदा घटत जातो. म्हणजे व्हॉल्व्हचं डोकं ३६ मिलिमीटरचं असेल तर उचल ९ च्या आगेमागे असावी. तुमच्या हातातला दांडा १४ दाखवत असेल तर तो त्या इंजिनाचा नाही.

टोक नेमकं कुठल्या अंशावर आहे हे शोधताना बहुतेकांची गफलत होते. टोकाशी सुई बराच वेळ थबकते, त्यामुळे डोळ्याने शिखर पकडता येत नाही. त्यापेक्षा शिखराच्या १ मिलिमीटर अलीकडचा आणि तितकाच पलीकडचा अंश लिहून दोन्हींचा मध्य घ्यावा. तसंच उघडण्या-मिटण्याचं. पाठीवरून चढ सुरू होताना सुरुवातीला अगदी सौम्य चढण ठेवलेली असते, टॅपेट (लोबवर टेकून वर-खाली होणारा भाग) आदळू नये म्हणून. ती कुठे सुरू होते हे दोन माणसं दोन ठिकाणी सांगतील. म्हणून जगभर ठराविक उचलीवर मोजतात. अमेरिकी पद्धतीत ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, इतर ठिकाणी पुष्कळदा १ मिलिमीटर. आकड्यासोबत तो कितीवर मोजला हे लिहिलं नाही, तर आकडा निरुपयोगी.

डायलच्या टोकाचाही प्रश्न आहे, आणि कारखान्यांत तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. टॅपेटचा तळ बहुधा सपाट असतो. सपाट तळ लोबच्या खांद्याला मध्यापासून बाजूला टेकतो, म्हणजे तो आधी उचलला जातो आणि उशिरा खाली येतो. डायलचं टोकदार टोक मात्र फक्त आपल्या खालचाच बिंदू बघतं. एकूण उचल दोघांना सारखी मिळते, पण टोकदार डायल उघडं राहण्याचा काळ कमी दाखवतो. उपाय सोपा: त्याच इंजिनाचा टॅपेट मध्ये धरून त्यावर डायल टेकवा. टॅपेट सपाट की रोलरचा, हे माहीत नसेल तर लोबच्या चढावर पोलादी पट्टी टेकवून उजेडाकडे धरा. मध्ये पोकळ दिसला तर तो रोलरसाठीच. सपाट टॅपेटला पोकळ चढ चालत नाही.

आता एक खरं उदाहरण मांडून बघू. किर्लोस्करचं टीव्ही१ हे एक सिलिंडरचं इंजिन, ८७.५ मिलिमीटर बोअर, ११० स्ट्रोक, १५०० फेरे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते इतकं वापरलं जातं की त्याचे आकडे सर्वांना पाठ आहेत. इनलेट पिस्टन वर पोचण्याआधी ४.५ अंश उघडतो आणि तळानंतर ३५.५ अंशांनी मिटतो. एक्झॉस्ट तळाआधी ३५.५ अंशांवर उघडतो, वर पोचल्यानंतर ४.५ अंशांनी मिटतो. इनलेट उघडा राहतो ४.५ + १८० + ३५.५, म्हणजे २२० अंश. एक्झॉस्टही २२०. दोन्ही एकदम उघडे असतात ते ९ अंश. आता उलट दिशेने या. हे अंश क्रँकचे आहेत, कॅमशाफ्टवर सगळं निम्मं. म्हणजे टेबलावर प्रत्येक लोब ११० अंशांचा दिसायला हवा. इनलेटचं टोक पिस्टन वर असण्याच्या क्षणानंतर ११० वजा ४.५, म्हणजे क्रँकच्या १०५.५ अंशांवर; एक्झॉस्टचं टोक तितकंच आधी. दोन टोकांमधलं अंतर क्रँकचे २११, कॅमशाफ्टचे १०५.५. ताळा करा: २२० मधून २११ गेले, उरले ९. डिझेल पिस्टन पुढच्या खेपेला वर पोचण्याआधी २३ अंशांवर सुटतं, म्हणजे इनलेटच्या टोकानंतर कॅमशाफ्ट सुमारे ११६ अंश फिरला की पंपाचा लोब कामाला लागलेला असायला हवा. तुमच्या चकतीवर हे आकडे आसपास आले, तर नाव नसलं तरी दांडा कोणत्या घराण्यातला हे कळलं. आसपासच म्हणतो, कारण छापील आकडे टॅपेटची फट धरून असतात. टेबलावर फट नसते, म्हणून लोब थोडा मोठा भासतो.

या ९ अंशांवरून इंजिनाचा स्वभावही कळतो. संथ आणि एकाच वेगाने चालणाऱ्या डिझेलला दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे ठेवायची गरज कमी. वेगवान पेट्रोल इंजिनांत हा आकडा ५०-६० च्या पुढे जातो, तेव्हा कुठे वरच्या फेऱ्यांना श्वास पुरतो. पंपाचा लोब नसलेल्या चार सिलिंडरच्या दांड्यावर असा मोठा आकडा आला, तर तो ट्रॅक्टरला लावायच्या फंदात पडू नये.

एकसारख्या दिसणाऱ्या दांड्यांत फरक करणारं माप मात्र वेगळंच असतं, आणि ते सहसा कोणी घेत नाही. चावीची खाच आणि पहिल्या सिलिंडरच्या इनलेटचं टोक यांतलं अंतर. उचल तीच, काळ तोच, टोकांमधलं अंतरही तेच, पण खाच चार-पाच अंश इकडे-तिकडे असली तर क्रँकच्या हिशेबाने आठ-दहा अंशांचा फरक पडतो. इंजिन चालू होतं, पण ओढ जाते, आणि मिस्त्री आठवडाभर नोझल बदलत बसतो.

राहिली झीज. समोरचा दांडा जुना आहे, म्हणजे माप आजचं आहे, मूळचं नाही. पाठ क्वचित झिजते, टोक झिजतं. म्हणून सगळे इनलेट मोजून सर्वांत उंच निघेल तो मूळ मापाच्या जवळचा धरावा. एखादा लोब बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर बसका असेल तर तो दांडा ओळखून उपयोग नाही. कधी दांडा आधीच घासून दुरुस्त केलेला असतो. तेव्हा उचल मूळची राखायला पाठ कमी करतात. लोबच्या बाजूला शाफ्टच्या काळ्या, न घासलेल्या अंगावरही ग्राइंडरचा चाटा दिसला तर समजावं. असा दांडा चालतो, पण टॅपेट सेटिंगला स्क्रू पुरतो का हे आधी बघावं लागतं, आणि बिडाचा असेल तर कठीण थर किती उरला हे कानशीने. शेवटी मधल्या जर्नलवर डायल लावून दांडा वाकलेला नाही ना, तेही बघावं. भंगाराच्या ट्रकमधून फेकताना तो वाकतो किंवा तडकतो.

हे सगळं करायला मोठा कारखाना लागत नाही. व्ही-ब्लॉक, डायल गेज आणि मायक्रोमीटर आयटीआयच्या फिटर आणि डिझेल मेकॅनिकच्या कार्यशाळेत असतात, चांगल्या लेथवाल्याकडेही असतात. अंशांची चकती कंपासपेटीतल्या दोन कोनमापकांची करता येते. म्हणून शेतकऱ्यांना आणि मिस्त्रींना एक सांगणं आहे. इंजिन ज्या दिवशी उघडाल त्या दिवशीच, चालू कॅमशाफ्ट हातात असताना, जर्नलचे व्यास, दोन्ही लोबची उचल, टोकांमधले अंश आणि खाचेपासून पहिल्या इनलेटपर्यंतचे अंश वहीत लिहून ठेवा, आणि ते कितीवर मोजले तेही. तो दांडा मोडल्यावर जुन्या पार्टच्या दुकानात जाताना दांड्याबरोबर वहीही घेऊन जा.